ढोलकीविना आठ गाणी

१ जानेवारी १९७४, मंगळवार

रेकॉर्ड आली. पुण्याहून एस.टी.च्या टपावरून दोनशे प्रती, पेंढ्यात बांधलेल्या. एकही फुटली नाही. शकुन मी मानत नाही, पण नोंद करून ठेवतो.

आठ गाणी. शब्द माझे, चाली माझ्या, आवाज माझा, हातात तुणतुणे. बाकी काही नाही. पेटी नाही, टाळ नाही, ढोलकी नाही. परदेशात हल्ली माणसे नुसती गिटार घेऊन उभी राहतात आणि गातात, असे आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात वाचले होते. तेव्हाच ठरवले. लोकगीत म्हणजे सत्य, आणि सत्याला साथीदार लागत नाही. (हे वाक्य भाषणात घेणे.)

पहिली श्रोती आमची सौ., वच्छला. चाळणी हातात धरून दोन्ही बाजू बसून ऐकल्या. रेकॉर्ड संपली तेव्हा म्हणाली, "सुरू कधी होणार?"

म्हणजे शेवटपर्यंत उत्सुकता टिकली. सुरुवात उत्तम.

संकल्प: यंदा अभिप्राय शांतपणे ऐकून घेणे. मध्ये न बोलणे.

४ जानेवारी

जोतीराम अजून आला नाही. एक प्रत त्याच्यासाठी बाजूला ठेवली आहे.

पंधरा वर्षे माझ्यामागे ढोलकीला बसला. गिरणीच्या गेटवर, शाळांत, उरुसात, निवडणुकीत. मी गायचो, गाण्यातला मुद्दा लोकांच्या डोक्यात शिरावा म्हणून मधे थांबून बोलायचो, मग पुन्हा गायचो. तो ढोलकीवर हात ठेवून वाट पाहायचा. अशी साथ मिळायला भाग्य लागते. पण तत्त्व ते तत्त्व. रेकॉर्डिंगआधी मी त्याला घरी बसवून चाळीस मिनिटे समजावले की ढोलकी ही गाण्याची कुबडी आहे आणि आपल्या गाण्याने आता स्वतःच्या पायांवर चालले पाहिजे. त्याने सगळे ऐकले. ढोलकीला खोळ घातली, "बरं" म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने मोडनिंबला गावी निघून गेला.

विचार पटल्याखेरीज माणूस इतका शांत राहत नाही.

रेकॉर्डिंगवाल्यांबद्दल मात्र तक्रार आहे. गाण्याच्या मधे मी बोलायला लागलो की आतला इंजिनिअर मशिन बंद करायचा. आठ वेळा बंद केले. त्यामुळे रेकॉर्डवर नुसती गाणीच आली आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

आज गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या शहरातल्या संक्रांतीच्या जत्रेत रेकॉर्ड लोकार्पण. हुसेनसाबचे नव्या पेठेत रेकॉर्डचे आणि स्पीकरचे दुकान आहे, त्याने जत्रेत स्टॉल टाकला होता. कर्ण्यावर पहिले गाणे लावले, 'भोंगा'. पाळण्याच्या कुरकुरीतून सुद्धा माझा शब्द न् शब्द कळत होता. गर्दीतून दोन-तीन जण विचारून गेले, ढोलकी बंद पडली का. हुसेनसाब म्हणाला, "मानसिंगराव, गाना अच्छा है, लेकिन खाली-खाली लगता."

माझ्या अंगाची लाही झाली. स्टूलवर चढलो. माईक हातात होताच. म्हणालो, सजावटीची सवय लागलेल्या कानांनो, ऐका. पाडव्यापर्यंत या रेकॉर्डला काहीही कमी नाही असे लिहून सही करणारे शंभर लोक मी उभे करीन. न जमल्यास पाडव्यापासून वर्षभर मौन. व्यासपीठावर, दुकानात, घरात, कुठेही तोंडातून भाषणाचा एक शब्द काढणार नाही.

टाळ्यांचा असा कडकडाट मी तीस वर्षांच्या वक्तृत्वात ऐकलेला नाही. स्टॉलमागचे बांगडीवाले सुद्धा उठून टाळ्या वाजवत होते. शब्दाला अजून किंमत आहे.

हुसेनसाबने प्रतिज्ञा लगेच खडूने फळ्यावर लिहिली. उद्यापासून फळा त्याच्या दुकानाबाहेर. रोजचा आकडा त्यावर.

वच्छलेने तिळगूळ हातावर ठेवला, पण 'गोड बोला' म्हणायचे टाळले.

२२ जानेवारी

फळ्यावर १९.

यांतले अकरा वाचनालयातले. तिथला ग्रंथपाल मीच, म्हणून पद्धत बसवली आहे. पुस्तक बदलायला येणाऱ्याने आधी अभिप्रायाच्या वहीत लिहायचे, मग पुस्तक. जाड रहस्यकथा नेणारे चटकन लिहितात. अकरांपैकी नऊ जणांनी रेकॉर्ड ऐकलेली नाही. पण जाणकाराला कलाकृतीचे मूल्य ऐकल्याशिवायही जाणवते.

खरा अभिप्राय आमच्या गल्लीतल्या नागम्माचा. ती मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. मी प्लेअर घेऊन तिच्या शेडमध्येच गेलो. बारा माग धडाडत होते. तिने गाणे ऐकले, मान डोलावली, म्हणाली की मागाच्या खटखटीवर बरं बसतंय की हो. सुट्टी झाली, माग थांबले, गाणे चालूच होते. ती म्हणाली, आता उघडं पडलं. मी पहिले वाक्य लिहून घेतले आणि अंगठा घेतला. कष्टकरी वर्गाने स्वीकारल्याचा हा पुरावा.

दुसरे वाक्य नोंदवण्याइतके महत्त्वाचे नव्हते.

३ फेब्रुवारी, रविवार

२३.

नव्या पेठेतून जाताना कापडवाले दुकानातून मान बाहेर काढून आधी फळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे. एक सोनार रोज विचारतो, पाडवा किती तारखेला आहे हो यंदा. लोकांना आस्था आहे.

'ढोलकी कुठंय' असे विचारणाऱ्यांची कारणे मी शोधून काढली आहेत. सुई झिजलेली. व्होल्टेज कमी. सिनेमाचे संस्कार. एका निवृत्त वकिलांनी मात्र कमाल केली. त्यांनी लिहिले, 'आवाज स्पष्ट आहे, आणि मधे व्याख्यान नसल्याने वेळेत संपते.' हा अभिप्राय धरावा की नाही यावर मी तासभर विचार केला. धरला.

वाचनालयाच्या सेक्रेटरींनी वही टेबलावरून काढायला सांगितली. दोन सभासदांनी वर्गणी बंद करण्याची धमकी दिली म्हणे. विचारस्वातंत्र्याची ही अवस्था.

संकल्प: सेक्रेटरींना पत्र. मुद्देसूद. फार तर आठ पाने.

१० फेब्रुवारी

वाचनालयाच्या हॉलमध्ये जाहीर श्रवणसभा. चाळीस माणसे. दुपारी चारला मी प्रास्ताविकाला उभा राहिलो. लोकगीताचा उगम, यंत्रयुग, बाजारू करमणूक, आपली जबाबदारी. शेवटची ओळ संपवून मी प्लेअरकडे वळलो आणि करंट गेला.

घड्याळात पावणेसहा झाले होते. हॉलमध्ये नऊ माणसे होती. त्यांतली दोन झोपलेली.

करंट आणखी दोन मिनिटे टिकता तर आज पन्नाशी गाठली असती. तक्रार वीज मंडळाकडे करावी लागेल.

रात्री जेवताना वच्छला म्हणाली, जोतीरामकडे एकदा जाऊन या. मी म्हणालो, त्याने यायला हवे. ती म्हणाली, का म्हणून? मी कारणे सांगायला लागलो. तिसऱ्या कारणाला ती भांडी घासायला उठली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मी म्हणत होतो.

हुसेनसाबने निरोप पाठवून बोलावले. मोडनिंबकडून तीस रेकॉर्डची मागणी आली होती, ती त्याने पाठवलीही. आज आणखी पंचवीस मागितल्या. टेंभुर्णीहून दहा. तो स्वतः चक्रावला आहे. म्हणाला, "उदर क्या हुआ, कुछ समझता नहीं."

मला समजले. शहराचा कान बिघडला आहे, मातीचा शाबूत आहे. शंभर छापील कार्डे पाठवून दिली: 'या रेकॉर्डला काहीही कमी नाही.' खाली दोन ओळी अभिप्रायाला, आणि सही.

संकल्प: पुढची रेकॉर्ड तुणतुण्याशिवाय.

१ मार्च

७१.

कार्डे येऊ लागली. टपालवाला गठ्ठाच देतो. काही इथे उतरवतो.

'रेकॉर्ड लई झकास. मोकळी हाय.'

'जागाच जागा. आमच्या तात्यांना बी आवडली.'

'अशी रेकॉर्ड दुसऱ्या कुनी काडली न्हाय. दिवसातनं वीस टाईम लावतो.'

'चाल कुटं डगमगत न्हाय. सम जितल्या तितं.'

मोकळी. जागा. किती नेमके शब्द. पुण्यातल्या समीक्षकाला असे सुचणार नाही. विचाराला फिरायला अंगण हवे असते, ते या गाण्यांत आहे, एवढेच त्या माणसांना म्हणायचे आहे.

फळ्याजवळ आज गर्दी होती. आकडा वाचून सोनार आत निघून गेला. बाकीच्यांचे चेहरे उतरलेले. पैज हरणाऱ्यांचे चेहरे असेच होतात.

१२ मार्च, मंगळवार

९९.

एकच बाकी. बारा दिवस हातात. गेले चार दिवस एकही कार्ड नाही, त्यामुळे झोप नीट नाही. शहरातल्या माणसाकडे मागितले तर तो हसतो आणि म्हणतो, शंभरावी सही मी केली तर पेठ मला वाळीत टाकेल. विनोद समजला नाही.

दुपारच्या डाकेने मोडनिंबच्या आप्पांचे पत्र. हे आप्पा गावच्या तालमीचे प्रमुख. लिहितात, 'रविवारी दुपारी तालमीपुढे तुमच्या रेकॉर्डवर मोठा कारेक्रम ठेवला हाय. पंधरा जण भाग घेनार. पाव्हने म्हनून यावे.'

पंधरा वक्ते. माझ्या एका रेकॉर्डवर. परिसंवाद म्हणतात तो हाच.

उत्तराचे भाषण लिहायला घेतले. बावीस पाने. शेवटी जोतीरामचा उदार मनाने उल्लेख.

१७ मार्च, रविवार, संध्याकाळ

एस.टी.तून परत. 

दुपारी अडीचला मोडनिंबला उतरलो. स्टँडवरच कर्णा ऐकू आला. माझा आवाज. 'भोंगा झाला, उठ गड्या, चूल निजू दे गार'. आणि त्याच्याखाली ढोलकी.

मला वाटले कोणी तरी माझी रेकॉर्ड चोरून पुन्हा केली. तालमीपुढे गेलो. हजारभर माणूस. झाडांवर माणसे. मधे प्लेअर, आणि प्लेअरसमोर एक पैलवानासारखा गडी मांडीवर ढोलकी घेऊन माझ्या आवाजाबरोबर वाजवत होता. गाणे संपले, टाळ्या, शिट्ट्या. दुसरा बसला. पुन्हा 'भोंगा'.

आप्पांनी खुर्ची दिली, नारळ दिला आणि खुशीत सांगितले. ढोलकीचा सामना आहे. आजवर सरावाला अडचण व्हायची. बाजारात मिळेल त्या रेकॉर्डवर आधीच कोणी तरी वाजवून बसलेला असतो, शिकणाऱ्याला हात घालायला जागा नाही. सबंध बाजारात ढोलकीची जागा रिकामी सोडलेली हीच एक. मोडनिंब, माढा, टेंभुर्णी, जिथे जिथे ढोलकी शिकणारा आहे तिथे तिथे माझी रेकॉर्ड आहे. ही युक्ती जोतीरामची. त्याने तालमीत वर्ग काढला आहे. आजचा पंच तोच.

पंधरा वेळा 'भोंगा' ऐकला. सहाव्या वेळेपासून माझा पाय हलत होता. गर्दीत धक्के बसत होते त्यामुळे असेल.

सामना संपल्यावर मी माईककडे गेलो. बावीस पाने हातात होती. बोलणे भाग होते. या लोकांनी माझ्या सत्याला कुबडी लावली होती. मी "बंधूंनो" म्हटले आणि जोतीराम उठून आला. त्याने माईक काढून घेतला नाही. नुसता त्याच्यावर तळहात ठेवला, जसा ढोलकीवर ठेवायचा.

"मास्तर, पंधरा वर्सं मी तुमच्या मागं बसलो," तो हळू म्हणाला. "एक बी गानं शेवटापतूर वाजवाया मिळालं न्हाय. ही रेकॉर्ड मधीच भाषन करत न्हाय."

मी त्याला म्हणालो, मग मला सांगायचे होतेस. तो म्हणाला, "कवा सांगू? तुमी थांबला तर."

आजूबाजूचे दोन-चार जण हसले. तो हसला नाही. मला बाजूला घेऊन गेला, तालमीच्या पायरीवर बसवले, पाणी दिले. फळ्याची हकीकत त्याला ठाऊक होती. म्हणाला, एकच ऱ्हायलंय न्हवं. खिशातून छापील कार्ड काढले, अभिप्रायाच्या ओळी कोऱ्या ठेवल्या आणि खाली सही केली. म्हणाला, वर तुमाला पायजे ते लिवा, मास्तर. तुमी गप बसलेलं मला बगवायचं न्हाय.

कार्ड घेऊन परत आलो. भाषण पिशवीत तसेच.

१९ मार्च

शंभर झाले, असे कायद्याच्या दृष्टीने म्हणता येते. सही आहे. 'काहीही कमी नाही' हे छापलेले आहे. मोडनिंबला रेकॉर्डसमोर बसून कोणी काय वाजवले, हा प्रतिज्ञेचा विषयच नाही. इथे कोणाला माहीत नाही.

कोऱ्या ओळीत लिहायला चार वाक्ये तयार केली. चारही उत्तम आहेत. शाई वाळली होती म्हणून लिहिले नाही.

२१ मार्च

शाई आणली. टाक नीट चालत नाही.

वच्छलेला सगळे सांगून टाकले. मधे न थांबता पंधरा मिनिटांत आटोपले, हे तिच्याही लक्षात आले असावे. ती गहू निवडत होती. म्हणाली, "जोतीरामनं कोरं का दिलं, कळलं का तुम्हाला?" मी म्हणालो, विश्वास. ती म्हणाली, "ढोलकीची जागा तुम्ही कोरी ठेवलीत, आता तुमची जागा त्यानं कोरी ठेवली."

हिचे वाचन काही नाही. तरी असे बोलते.

ते मोडनिंबचे पाऊणशे लोक. त्यांनी मला नाही, रिकाम्या जागेला सह्या दिल्या. मी ती जागा ठेवली एवढे मात्र खरे. पण वर्षभर न बोलणे म्हणजे काय, हे ज्याला बोलता येते त्यालाच कळेल. मिल बंद पडली तर कामगार दुसरीकडे जातो. माझी जीभ कुठे जाईल?

२३ मार्च, शनिवार

सकाळी नव्या पेठेत गेलो. सामान्यतः मी तिथपर्यंत पोचेतो चार ठिकाणी थांबून बोलतो. आज नाही.

हुसेनसाब खडू घेऊन तयारच होता. पेठेतले पंधरा-वीस जण जमले होते. सोनारही. हुसेनसाबने हात पुढे केला. कार्ड त्याच्या हातात दिले. त्याने उलटे केले, सुलटे केले.

"इसपे तो कुछ लिखाच नहीं, मानसिंगराव."

मी म्हणालो की मोडनिंबची कार्डे धरू नका. ती माझ्या गाण्याची नाहीत, गाण्यात जी ढोलकी नाही तिची आहेत. लोकांना ती कमीच वाटली, म्हणून तर प्रत्येकाने आपापली आणून वाजवली. मी हरलो. हे सगळे एका मिनिटात सांगितले. माझ्या आयुष्यातले सर्वांत छोटे भाषण.

 मग हुसेनसाबने विचारले, तो फिर साल भर चूप? मी मान डोलावली.

पुढे जे झाले त्याने माझे डोळे पाणावले. सोनाराने माझा हात दोन्ही हातांत धरला. कापडवाल्याने पेढे मागवले. अर्ध्या तासात सगळ्या पेठेत पेढे वाटले गेले. जो तो येऊन म्हणत होता, माणूस शब्दाला पक्का आहे, आता मोडू नका हं. हुसेनसाबने तर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'उद्यापासून', आणि फळा दुकानाच्या आत, पावसापासून सुरक्षित, कायमचा टांगला.

सत्याचा असा सत्कार या शहरात पूर्वी कोणाचा झाला नसेल.

२४ मार्च, पाडवा

मौन. पहिला दिवस.

सकाळी गुढी उभारली. वच्छलेने विचारले, साखरेची गाठी कुठे ठेवली. बोटाने दाखवली.

नागम्मा येऊन गेली. तिने नेहमीप्रमाणे कारखान्याचे सांगितले, मी ऐकले. जाताना म्हणाली, आज लई चांगलं बोलला की साहेब. मी एक शब्द बोललो नव्हतो.

अकराला जोतीराम आला. मोडनिंबच्या पहिल्या गाडीने. खांद्याला ढोलकी. त्याच्यासाठी ठेवलेली प्रत मी त्याच्यापुढे धरली. त्याने ती बाजूला ठेवली. म्हणाला, रेकॉर्ड हाय मी घेतलेली. बसला, खोळ काढली, वादी ओढली, कातड्यावरच्या काळ्या शाईवर बोट मारून पाहिले. मग तुणतुण्याकडे मान केली.

मी वच्छलेकडे पाहिले. ती म्हणाली, भाषण करायचं नाही असं ठरलंय. गायचं नाही असं कुठं ठरलंय?

'भोंगा' धरला. दुसऱ्या कडव्यानंतर चूल गार का, याचे आर्थिक विवेचन मी नेहमी करतो. तोंड उघडलेही होते. तिथे बोलता येईना, म्हणून तिसरे कडवे घेतले. मग चौथे. हे गाणे चार कडव्यांचे आहे हे जोतीरामला समोरासमोर आजच कळले. गाणे संपले त्याच क्षणी त्याचा हात संपला. पंधरा वर्षांत असे कधी झाले नव्हते. त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ ढोलकीची वादी सारखी करत राहिला.

वच्छला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चाळणी होती.

"आत्ता सुरू झालं," ती म्हणाली.

यावर मला पुष्कळ बोलायचे होते.